हात कुठून आणायचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या घराच्या मागच्या भिंतीला पोट सुटलं. आजोबांच्या काळातली दगड-मातीची भिंत. दोन फुटांहून जाड, वर माळवद. पाऊस उघडल्यावर मी गावी गेलो. भिंत उतरवायची आणि त्याच दगडात पुन्हा उभी करायची, असं ठरवलं. दगड घरचा होता. थोडे पैसे बाजूला टाकलेले होते. लातूरच्या एका ओळखीच्या इंजिनिअरनं खर्चाचा अंदाज कागदावर काढून दिला. तो कागद घेऊन मी आमच्या गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याकडे गेलो. लहानपणापासून आम्ही त्यांना चाचा म्हणतो. वय ऐंशीच्या घरात. गुडघे गेलेले, पण नजर अजून ओळंब्यासारखी सरळ. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, माझ्या हातात परत दिला आणि आमच्या दखनीत म्हणाले, "पत्थर है, पैसा बी है. हात कां से लाएगा बाबा?"

दगड आहे, पैसा आहे, पण काम करणारे हात कुठून आणणार? मला वाटलं, म्हातारा माणूस, जुन्या काळाचं कौतुक सांगतोय. महिनाभरात त्यांचं म्हणणं मला पटलं.

माझ्या लहानपणी आमच्या गावात दगडाचं काम जाणणारी सात-आठ माणसं होती. आता विटांचं, ब्लॉकचं काम करणारे मिस्त्री तालुक्याला मिळतात, पण दगड म्हटलं की मान हलवतात. शेवटी एकजण तयार झाला. त्यानं उचल घेतली, चार दिवस आला, निम्मी भिंत उतरवली आणि दुसरीकडे जास्त हजेरी मिळाली म्हणून निघून गेला. त्याला दोष देत नाही. माझ्या मुलाला कुणी जास्त पगार दिला असता, तर त्यानंही तेच केलं असतं. पण इकडे माळवदाला भाड्याचे लोखंडी टेकू लावलेले. त्यांचं भाडं रोज चढत होतं. आणून ठेवलेल्या सिमेंटच्या पोत्यांनी दमट हवेत गोटे धरले. ठरवलेले बिगारी गवंड्याची वाट बघत बसून राहिले, त्यांची हजेरी द्यावीच लागली. मधे एका हौशी मिस्त्रीनं तीन फूट भिंत चढवली. ती ओळंब्यात नव्हती, म्हणून पुन्हा उतरवावी लागली.

सगळं संपल्यावर मी वहीत हिशेब मांडला. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दीडपट झाला होता. मजेची गोष्ट अशी, की या वाढीत गवंड्याच्या वाढीव हजेरीचा वाटा सगळ्यांत लहान होता. मोठा वाटा होता वाट पाहण्याचा, वाया गेलेल्या मालाचा आणि दोनदा केलेल्या कामाचा. बांधकाम ही साखळी आहे. गवंडी आला नाही तर सुताराचं अडतं, सुताराचं अडलं तर छताचं, छताचं अडलं तर गिलाव्याचं आणि फरशीचं. एक कसबी माणूस कमी पडला, की त्याच्यामागचे दहाजण थांबतात आणि त्या थांबण्याचे पैसे घरमालक देतो. आपण मात्र चहाच्या टपरीवर एवढंच म्हणतो, "गवंडी फार माजलेत हो!"

बीएला मला इतिहास होता. लंडनच्या मोठ्या आगीवर तेव्हा हमखास प्रश्न यायचा, कारणे आणि परिणाम लिहा. मी घोकून लिहिला होता. जळालेलं शहर पुन्हा बांधलं कुणी, त्यासाठी हात आणले कुठून, हे मात्र ना पेपर काढणाऱ्यानं विचारलं, ना मला सुचलं. चाचांच्या प्रश्नानंतर मी तो इतिहास पुन्हा उघडला. एका शहरावर हाच प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी येऊन पडला होता, आणि त्याला उत्तर शोधताना त्यांनी जे केलं ते ऐकण्यासारखं आहे.

त्यासाठी थोडं आणखी मागं जावं लागेल. १३४८-४९ साली इंग्लंडमध्ये प्लेगची भयंकर साथ आली. देशातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. इमारती तशाच उभ्या होत्या, शेतं तशीच होती, पण हात निम्म्यावर आले. जे उरले त्यांनी जास्त मजुरी मागितली. राजा तिसरा एडवर्ड आणि जमीनदार यांना हे सोसवेना. १३४९ साली हुकूम निघाला आणि १३५१ साली पार्लमेंटनं कायदा केला. मजुरी साथीच्या आधीच्या, म्हणजे १३४६च्या दरानंच द्यायची आणि घ्यायची. कायद्यात दर लिहून टाकले होते. घडीव दगडाचं काम करणाऱ्या मुख्य गवंड्याला दिवसाला चार पेनी, बाकीच्या गवंड्यांना तीन, मुख्य सुताराला तीन, साध्या सुताराला दोन. जास्त घेईल त्याला शिक्षा.

काय झालं? ज्याची भिंत अर्धवट उभी होती, त्यानं गुपचूप जास्त पैसे दिले. कुणी जेवण घातलं, कुणी कपडे केले, कुणी मजुरीला दुसरं नाव दिलं. बांधकामावरच्या कारागिराचा दिवसाचा दर साथीच्या आधी तीन पेनीच्या आसपास होता. तो दोन-तीन दशकांत पाचवर गेला आणि पुढच्या शतकात सहावर जाऊन स्थिरावला. कायदा कागदावरच राहिला. त्याबद्दलची चीड मात्र लोकांच्या मनात साठली आणि १३८१च्या मोठ्या बंडामागे जी कारणं होती, त्यांत हेही एक होतं. हुकमानं दर बांधता येतो, पण हुकमानं गवंडी जन्माला घालता येत नाही. इंग्लंडला हा पहिला धडा इतका महागात पडला.

आता लंडनकडे येऊ. १६६५ साली लंडनमध्ये पुन्हा प्लेग आला. नोंदलेले मृत्यूच अडुसष्ट हजारांवर होते, खरा आकडा लाखाच्या जवळ असावा असं मानतात. शहर त्यातून सावरतं न सावरतं तोच २ सप्टेंबर १६६६ला, रविवारच्या पहाटे, एका बेकरीवाल्याच्या घरात आग लागली. घरं लाकडाची, गल्ल्या अरुंद, वारा जोराचा. चार दिवसांत तेरा हजार दोनशे घरं, सत्त्याऐंशी चर्च आणि सेंट पॉलचं जुनं कॅथीड्रल जळून गेलं.

पुन्हा बांधायचं तर लाकडात नाही, विटांत किंवा दगडांत, असं ठरलं. १६६७च्या फेब्रुवारीत त्यासाठी कायदा झाला. गल्लीत दोन मजली, मोठ्या रस्त्यावर तीन मजली, हमरस्त्यावर चार मजली, असे घरांचे प्रकार आणि भिंतींची जाडीसुद्धा ठरवून दिली. कायदा चांगला होता, पण त्यानं अडचण वाढवली. लाकडाच्या शहराकडे सुतार भरपूर असतात. त्याला एकाएकी हजारो विटांची घरं हवी झाली, तर विटा रचणारे कुठून आणायचे? एका शहरात जेवढे गवंडी एरवी पोटापुरतं काम शोधत फिरत, त्यांच्या दारात आता तेरा हजार घरमालक उभे राहणार होते.

त्यात आणखी एक कुलूप होतं. लंडन शहराच्या हद्दीत कसबाचा धंदा करायचा, तर माणूस शहराचा हक्कदार, त्यांच्या भाषेत 'फ्रीमन', असावा लागे. तो हक्क बहुधा एखाद्या कारागीर-संघात सात वर्षं उमेदवारी करून मिळे. सुतारांचा संघ वेगळा, पाथरवटांचा वेगळा, विटा आणि कौलं बसवणाऱ्यांचा वेगळा. आपल्याकडच्या प्राचीन श्रेणींसारखे हे संघ होते. कामाचा दर्जा ते सांभाळत हे खरं. पण बाहेरच्याला आत न येऊ देणं हेही त्यांचं काम होतं. शांततेच्या काळात हे कुलूप कुणाला खुपत नव्हतं. शहर राख झाल्यावर ते सगळ्यांना दिसलं.

१६६७च्या कायद्यानं हे कुलूप काढलं. सुतार, गवंडी, पाथरवट, गिलावा करणारे आणि बांधकामातले बाकीचे कारागीर, जे शहराचे हक्कदार नाहीत, त्यांनीही येऊन खुशाल काम करावं. ही मुभा सात वर्षं, किंवा शहर पूर्ण बांधून होईपर्यंत. आणि जो सात वर्षं असं काम करील, त्याला पुढे आयुष्यभर हक्कदाराइतकीच मोकळीक. म्हणजे संकटात बोलावलं आणि गरज सरल्यावर हाकलून दिलं, असं केलं नाही. जो आमचं शहर बांधील तो आमचा, असं कायद्यानंच म्हटलं.

जुनी खोड मात्र पूर्ण गेली नव्हती. विटा, कौलं, चुना यांचे भाव आणि कारागिरांची मजुरी अवाच्या सवा झाली, तर राजाच्या वरिष्ठ न्यायाधीशांनी दर बांधून द्यावेत, अशीही तरतूद त्याच कायद्यात होती. पण या वेळी चाबकाबरोबर उघडं दारही होतं, आणि काम केलं ते मुख्यतः दारानं. बाहेरगावचे कारागीर येत राहिले. शहराभोवती वीटभट्ट्या धुमसू लागल्या. लाकूड समुद्रापलीकडून आलं. लंडनच्या आगीवर नॉर्वेवाले शेकले, असं त्या काळी गमतीनं म्हणत.

दुसरं एक काम त्यांनी केलं, त्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. जळालेलं घर पुन्हा कुणी बांधायचं, मालकानं की भाडेकरूनं, यावर हजारो भांडणं होती. ती नेहमीच्या कोर्टात वर्षानुवर्षं चालली असती, आणि तोवर आलेला गवंडी दुसरीकडे निघून गेला असता. म्हणून खास आगीचं न्यायालय बसवलं. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकायच्या, कुणी किती सोसायचं ते ठरवायचं आणि बांधकाम सुरू करून द्यायचं. कसबी हात कमी असतात तेव्हा त्यांचा एक दिवसही रिकामा जाता कामा नये, हे ज्याला कळलं, त्याला बांधकामाचा निम्मा हिशेब कळला. माझ्या टेकूंचं भाडं मला इथं आठवलं.

पहिल्या वर्षी फार थोडी घरं उभी राहिली. मग वेग आला. पाच-सहा वर्षांत बहुतेक खासगी घरं विटांत उभी होती. चर्चना मात्र दशकं लागली. त्यांचा आणि इतर सार्वजनिक कामांचा खर्च लंडनला येणाऱ्या दगडी कोळशावर कर बसवून काढला. म्हणजे त्या शहरात ज्यानं ज्यानं थंडीत शेगडी पेटवली, त्यानं त्यानं या बांधकामाला हातभार लावला.

त्या उघड्या दारातून आत आलेल्या एका माणसाचं नाव इतिहासात राहिलं आहे. थॉमस स्ट्राँग. ऑक्सफर्डजवळच्या भागातला, दगडखाणी असलेल्या गवंड्यांच्या घराण्यातला. कायदा झाला त्या १६६७ सालीच तो दगड आणि माणसं घेऊन लंडनला आला. आठ वर्षांनी, जून १६७५मध्ये, क्रिस्टोफर रेनच्या नव्या सेंट पॉल कॅथीड्रलचा पायाचा दगड बसवला तो या थॉमस स्ट्राँगनं. १६८१ साली तो वारला. त्याचा धाकटा भाऊ एडवर्ड यानं काम पुढे नेलं. १७११ साली कॅथीड्रल पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. जुने नियम तसेच राहिले असते, तर या दोघांना शहराच्या वेशीवरूनच परत जावं लागलं असतं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वेगळीच रात्र होती. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मी नुकताच बीए झालो होतो. आमच्या गावात भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात झोपलो.

त्या वेळी सगळे म्हणाले, दगडानं मारलं. दगडाची भीतीच बसली. पण जाणकारांनी पडलेल्या भिंती पाहिल्या तेव्हा दिसलं, की भिंतीची आतली आणि बाहेरची दोन तोंडं वेगवेगळी उभी होती. मधे नुसती माती आणि चिपा. दोन्ही तोंडांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगडच नव्हते. वर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार. हादरा बसला तशी दोन तोंडं फाकली आणि माळवद खाली आलं. चाचा हे ऐकून म्हणाले होते, "लांब दगड घालायला वेळ लागतो, तो घडवावा लागतो. लोक म्हणायचे, लवकर उरक." आधीच कसब विरळ झालं होतं, आणि जे होतं त्याचे पैसे द्यायला आम्ही तयार नव्हतो. बांधकामाची किंमत नेहमी बांधतानाच द्यावी लागते असं नाही. कधी कधी ती तीस-चाळीस वर्षांनी एका पहाटे वसूल होते.

त्यानंतर बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. बाकी हजारो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. त्यासाठी गवंड्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. आरपार दगड कसा घालायचा, कोपरे कसे बांधायचे, दाराच्या वरच्या पातळीला सळईचा पट्टा कसा फिरवायचा. हे चांगलं काम झालं. पण भीती शिक्षणापेक्षा मोठी ठरली. लोकांना स्लॅब हवा होता. दगडाचं काम मागणारं गिऱ्हाईक गेलं, तसे शिकलेले हातही दुसऱ्या कामाला लागले. चाचांचे दोन मुलगे आहेत. एक पुण्यात गाडी चालवतो, एकाचं तालुक्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. थापी कुणीच धरली नाही.

आपल्याकडे लंडनसारखे कारागीर-संघ नाहीत. दाराला कायद्याचं कुलूप नाही. तरी आत कुणी येत नाही, कारण दार इज्जतीनं बंद केलं आहे. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा अभ्यासक्रम आहे. माझ्या ओळखीच्या एकाही घरानं आपला मुलगा तिथं घातलेला नाही, आणि मीही घातला नाही. भिंत सरळ हवी असते सगळ्यांना. भिंत बांधणाऱ्याशी सोयरीक करताना मात्र आपण अडखळतो. मग बाहेरून हात येतात. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, बंगालमधून, फरशीसाठी राजस्थानातून. त्यांना आपण कसं वागवतो, हे २०२०च्या टाळेबंदीत दिसलं. भर उन्हात ते पायी घरी निघाले. कामं ठप्प झाली. पुढे काही ठेकेदारांनी विमानाची तिकिटं काढून त्यांना परत आणल्याच्या बातम्या आपण वाचल्या. विमानाचं तिकीट परवडलं, कारण थांबलेली इमारत त्याहून महाग होती. जाताना दोन महिने भाकरी दिली असती, तर ती किती स्वस्त पडली असती!

माझ्या भिंतीचं शेवटी काय झालं, ते सांगून थांबतो. निम्मी उतरलेली भिंत घेऊन मी पुन्हा चाचांकडे गेलो. म्हटलं, "चाचा, तुम्ही नुसते बसा. खाटेवर बसून सांगा. हात मी शोधतो." गावातली दोन पोरं तयार झाली. एक बारावी होऊन घरी बसलेला, एक विटांच्या कामावर बिगारी. चाचा लिंबाखाली खाटेवर बसत. दगड उचलला की पोरांनी आधी तो त्यांना दाखवायचा. कोणतं तोंड बाहेर, कोणतं आत, ते काठीनं सांगत. चार-पाच फुटांवर एक लांब दगड आरपार गेला नाही, तर थर उतरवायला लावत. पहिल्या आठवड्यात तीन वेळा उतरवला. दुसऱ्यात एकदा. तिसऱ्या आठवड्यात पोरं दगड दाखवायला येईनाशी झाली, आणि चाचांनीही विचारलं नाही.

पहिल्या शनिवारी हजेरी वाटताना मी जरा घुटमळलो. चाचांना काय द्यायचं? हात तर त्यांनी लावला नव्हता. त्यांनी ते ओळखलं. म्हणाले, "पूरी हाजरी लगा. बैठा हूं तो क्या हुआ?"

मी पूर्ण हजेरी लावली. आता वाटतं, त्या सगळ्या खर्चात फुकट न गेलेली तीच एक ओळ होती. भिंत या पावसाळ्यात टिकली. बारावीवाला पोरगा सध्या शेजारच्या गावात एका वाड्याची भिंत उतरवतोय. परवा त्याचा फोन आला होता. लांब दगड कमी पडतायत, चाचांना विचारून सांगा, म्हणाला.